उघडं कोपर

नवनाथने तळहात गादीवर टेकवले, बोटं पसरली, पाय उडवून टाचा भिंतीला लावल्या आणि डोकं खाली सोडलं. सदरा त्याने खिडकीच्या कट्ट्यावर घडी घालून ठेवला होता. सदरे लावायला भिंतीत उंचावर वीस खुंट्या होत्या, पण महिनाभर तो कट्टाच वापरत होता. कुणी विचारलं तर खुंटी हलतेय म्हणायचा. खुंटी मुळीच हलत नव्हती.

"एक," वस्ताद म्हणाले.

साधा जोर कुणीही मारतो. दौंडमधल्या या तालमीची ओळख होती ती उलट्या जोराची. पाय वर, डोकं खाली, सगळा देह दोन हातांवर तोलायचा, टाळू गादीला टेकेपर्यंत सावकाश खाली जायचं आणि तसंच सावकाश वर यायचं. त्यातही इथली एक ढब होती. खाली जाताना उजवं कोपर दार उघडावं तसं बाहेर उघडायचं. डावं आत, उजवं उघडं. जिल्ह्यात कुठेही व्यायामाची प्रात्यक्षिकं असली आणि एखाद्याचं उजवं कोपर असं उघडलं, की बघणारे म्हणायचे, हा रखमाजी वस्तादांचा पठ्ठ्या.

रखमाजी वस्ताद आता चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. आखाड्याच्या कडेला लोखंडी खुर्चीत बसून ते मोजायचे, एवढंच काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. पण ते मोजणं साधंसुधं नव्हतं. ढब चुकली की आकडा यायचा नाही. तुम्ही शंभर मारा, वस्तादांनी चाळीस मोजले तर चाळीसच.

"सात," वस्ताद म्हणाले.

आठव्याला नवनाथ खाली गेला आणि खांद्यात काहीतरी अडकलं. टाळू गादीला टेकलेली, कोपर उघडं, आणि हात वर उचलायला तयार नाही. पाय खाली घ्यायचे तर भार पुन्हा त्याच खांद्यावर यायचा. वरही जाता येईना आणि खालीही उतरता येईना. कानात रक्त धडधडत होतं. उलट्या जगात त्याला वस्तादांच्या वहाणा दिसत होत्या आणि त्यांच्या शेजारी करुणाचे अनवाणी पाय. वस्ताद आकड्यासाठी थांबले होते. वस्ताद थांबले की सगळी तालीम थांबायची.

शेवटी त्याने गुडघे मोडले आणि अंग डाव्या कुशीवर टाकून दिलं.

"पाय घसारला," तो म्हणाला.

"भित्ताडाला त्याल लागलंय का काय?" वस्तादांनी विचारलं.

करुणाने भिंतीवरून बोट फिरवलं आणि कोरड्या बोटाकडे पाहिलं.

करुणा नवनाथची मुलगी. एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. दीड महिन्यावर पोलीस भरती होती. धावण्यात आणि लांब उडीत तिला कुणाची भीती नव्हती, पण गोळाफेकीत गेल्या वर्षी दोन गुणांनी गेली होती. गोळ्याला खांदा लागतो आणि खांदा उलट्या जोराने होतो, असं वस्तादांचं म्हणणं. म्हणून तीस वर्षांत पहिल्यांदा या तालमीत मुलगी आली होती, तीही वस्तादांनी स्वतः निरोप पाठवल्यामुळे. तालमीच्या तिसाव्या वर्षाच्या निमित्ताने येत्या रविवारी वस्तादांचा सत्कार होता. त्यात सगळ्या जुन्या शिष्यांपुढे करुणाने अकरा उलटे जोर मारायचे होते.

तिने ओढणी खुंटीला लावली आणि पाय उडवले.

"एक," वस्ताद म्हणाले. "दोन. झकास. कोपर बघ नवन्या, कसं उघडतंय. थेट तुझ्यासारखं."

नवनाथ बघतच होता. पाचव्या जोराला करुणाने खालचा ओठ दातांखाली धरला. बाकी चेहरा तसाच. असा चेहरा कसा ठेवायचा हे त्याला चांगलं ठाऊक होतं. गेली चार वर्षं तो तसाच चेहरा घेऊन वावरत होता.

घरी येताना तिने केस बांधले. बांधताना उजवा हात डोक्याकडे गेला नाही, डोकंच हाताकडे वाकलं. नवनाथने ते पाहिलं.

आधीच्या गुरुवारी तो कुरकुंभच्या कंपनीतून रजा टाकून, घरी न सांगता, शटल रेल्वेने पुण्याला गेला होता. एका फिजिओथेरपिस्ट बाईंचा पत्ता त्याला सुपरवायझरने दिला होता. बाई पोरसवदा होत्या. त्यांनी त्याचा हात वर, मागे, आडवा नेऊन पाहिला आणि विचारलं, तुम्ही नेमकं करता काय? सांगून कळेना, तेव्हा त्याने त्यांच्या दवाखान्याच्या भिंतीला पाय लावून एक जोर मारून दाखवला.

"हे कोपर बाहेर का टाकता?" बाई म्हणाल्या.

"आमच्यात असंच मारतात."

"सगळे?"

"समदेच."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग प्लॅस्टिकचा खांदा कपाटातून काढून त्यांनी त्याला समजावलं. कोपर असं उघडलं की वरचं हाड खाली येतं आणि मधली दोरी चेपते. एकदा चेपली तर काही नाही. वीस वर्षं रोज चेपली तर झिजते आणि मग तुटते. तुमची अर्धी तुटली आहे.

"बरोबर कसं मारायचं?" त्याने विचारलं.

"तुम्ही नाही मारायचं."

"माझं ऱ्हाऊ द्या. शिकवायचं असंल तर?"

बाईंनी दाखवलं. आधी मनगटं आणि खांदे गरम करून घ्यायचे. हात खांद्यांपेक्षा किंचित रुंद. दोन्ही कोपरं मागे, बरगड्यांच्या बाजूला झुकलेली. डोकं दोन हातांच्या मधोमध नाही, थोडं पुढे टेकवायचं, म्हणजे दोन हात आणि डोकं यांचा त्रिकोण होतो आणि भार वाटला जातो. पोट घट्ट, कंबर वाकू द्यायची नाही. डोकं आपटायचं नाही, टेकवायचं. आणि खांद्यात टोचलं की त्याच क्षणी उतरायचं, आकडा पुरा करत बसायचं नाही.

"असं उघड्या कोपराने कुणाला जमेल माहितीये?" प्लॅस्टिकचा खांदा कपाटात ठेवताना त्या सहज म्हणाल्या. "ज्याचं हाडच वाकडं जुळलंय त्याला. त्याला ते बसतं, त्रासही होत नाही. बाकीच्यांची वाट लागते."

परतीच्या शटलमध्ये यवतच्या पुढे कुठेतरी नवनाथने स्वतःचा डावा तळहात उलटा करून पाहिला.

तालमीत रिवाज होता. नवा गडी आला की पहिली दहा वर्षं रविवारी वस्तादांच्या हाताला तेल लावायचं काम त्याचं. नवनाथने दहा नाही, चौदा वर्षं लावलं होतं. उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला सुपारीएवढी गाठ होती आणि त्यापुढे हाताचं हाड जरा बाहेरच्या बाजूला वळलेलं. बोटं तिथे आली की आपोआप वळण घ्यायची. त्या गाठीचा त्याने कधी विचार केला नव्हता. वस्तादांचा हात असाच, एवढंच. चौदा वर्षं त्याच्या हाताला जे माहीत होतं, ते डोक्यात यायला पुण्याचं तिकीट काढावं लागलं होतं.

सगळ्या तालमीने एक मोडका हात पाठ केला होता.

करुणाला वाचवायला दोन शब्द पुरे होते. कोपर आत. ते तालमीत, वस्तादांसमोर म्हणायचे होते. आणि तिथेच नवनाथचं घोडं अडलं होतं.

पंचाहत्तर साली तो बारा वर्षांचा होता. गावातल्या दुसऱ्या एका तालमीत त्याला उंबऱ्यापर्यंतच जाता आलं होतं. आत माती आहे, ती बाटते, असं त्याला सांगण्यात आलं. तो माघारी वळला तेव्हा रस्त्याने रखमाजी चालले होते. खुटबावकडचे, मेंढरं सोडून शहरात आलेले, अंगापिंडाने दांडगे. त्यांनी विचारलं, कुणाचा रं तू? नवनाथने आपल्या वस्तीचं नाव सांगितलं. रखमाजींनी त्याला आपल्या तालमीत नेलं आणि सगळ्यांच्या देखत कमरेला धरून भिंतीला उलटं उभं केलं. परक्या माणसाने आपल्याला असं दोन्ही हातांनी धरल्याची ती पहिली वेळ होती. कोनाड्यातल्या मारुतीपुढे वस्ताद रोज हात जोडायचे, नवनाथ जोडायचा नाही, आणि तीस वर्षांत त्यांनी तो विषय एकदाही काढला नाही. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत नवनाथचे उलटे जोर मोजायला मात्र ते न चुकता ट्रॉलीवर चढायचे.

त्या माणसाला आता काय सांगायचं? तुमचा हात मोडका होता आणि आम्ही तुमच्यामुळे मोडलो, असं?

तालमीत खांदा अडकला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने घरातल्या भिंतीजवळ गोधडी टाकली.

"पाय लाव," तो करुणाला म्हणाला. "आता दोन्ही कोपरं मागं. मागं. बरगडीकडं. डोकं जरा म्होरं टेकीव. पोट आवळ. हां, आता ये वर."

करुणा वर आली. पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली. चार झाल्यावर तिने एकेक पाय भिंतीवरून उतरवला आणि गोधडीवर बसली. चेहरा लाल झाला होता आणि ओठ दातांखाली नव्हता.

"पप्पा, टोचत न्हाई."

"कवापासनं टोचतंय?"

"दिवाळीपासनं." तिने खांदा चोळला. "मग वस्ताद चुकीचं शिकवत्यात का?"

"तसं न्हाई."

"मग कसं?"

नवनाथ गोधडीची सुरकुती सारखी करू लागला.

"आयतवारी असं मारू का तसं?" करुणाने विचारलं.

तो गोधडीची दुसरी कडा ओढत राहिला. मग म्हणाला, "तालमीत वस्ताद मोजतील तसंच मारावं लागंल."

"म्हंजी घरात खांदा वाचवायचा आन् तालमीत घालवायचा." ती उठली. तिने गोधडीची घडी केली, ती कपाटावर ठेवायला हात उचलला आणि मध्येच थांबून डाव्या हाताने ठेवली.

नवनाथला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. शनिवारी तो तालमीत जाऊन वस्तादांशी एकट्यात बोलणार होता. गेलाही. वस्ताद फेट्याची घडी मांडीवर घेऊन बसले होते आणि कोण कोण येणार याची नावं दहा वेळा मोजत होते. साहेबराव येणार, बाळासो येणार, महेंद्र साताऱ्याहून येणार. नवनाथने सतरंज्या झाडल्या, हार कुठे ठेवायचे ते विचारलं आणि घरी आला.

रविवारी सकाळी सगळे जमले. तीस-पस्तीस माणसं, चाळिशी-पन्नाशीची. कुणाला टक्कल, कुणाचं पोट सुटलेलं. साहेबराव एसआरपीत हवालदार होता, बाळासोची दुधाची गाडी होती, महेंद्र शाळेत मास्तर. एकमेकांच्या पोटांवर थापा मारून झाल्या, जुन्या टोपणनावांनी हाका मारून झाल्या. वस्ताद गुलाबी फेटा बांधून खुर्चीत बसले होते आणि प्रत्येकाला नाव घेऊन ओळखत होते.

तालमीचा आणखी एक रिवाज होता. अंगातला सदरा काढून खुंटीला लावल्याशिवाय मातीत पाय ठेवायचा नाही. मोठा साहेब असला तरी नाही.

साहेबरावने बटणं सोडली, सदरा काढला आणि डंबेल ठेवायच्या घोडीवर टाकला.

"खुंटीला लाव की," कुणीतरी म्हणालं.

"इस्त्री मोडती," साहेबराव म्हणाला.

बाळासोने सदऱ्याची घडी करून काखेत धरली. महेंद्रने आपला सदरा दाराच्या कडीला अडकवला. मागून आलेल्यांनी सतरंजीवर, कट्ट्यावर, मुदगलांच्या दांड्यांवर, जिथे जागा मिळेल तिथे टाकले. कुणी हसत, कुणी गप्पांच्या नादात, आणि प्रत्येकजण डाव्या हाताने. नवनाथ हारांची टोपली घेऊन उभा होता. त्याने भिंतीकडे पाहिलं. वीस खुंट्यांपैकी एकोणीस मोकळ्या होत्या. एकीवर करुणाची ओढणी होती, तीही तिने टाचा उंचावून कशीबशी अडकवली होती.

चार वर्षं तो समजत होता की दुखणं आपलं एकट्याचं आहे. इथे तर गावभर खांदे दुखत होते, आणि प्रत्येकाने आपापली थाप तयार ठेवली होती.

सत्कार झाला. हार घालताना साहेबरावने हात न उचलता वस्तादांनाच जरा वाकायला लावलं, आणि ते लोकांना नम्रपणाच वाटलं असावं. महेंद्र दोन शब्द बोलला. त्याचे दोन शब्द वीस मिनिटं चालले. मग वस्ताद म्हणाले, "आता पोरीचं बघा."

करुणा गादीपाशी आली. तिने मनगटं फिरवली, तळहात टेकवले, पाय उडवले. तिने उलट्या डोळ्यांनी एकदा बापाकडे पाहिलं. त्या नजरेत ना राग होता ना विनंती. ती नुसती वाट बघत होती. मग तिचं उजवं कोपर हळूहळू बाहेर उघडायला लागलं आणि खालचा ओठ दातांखाली गेला.

"करुणा," नवनाथ म्हणाला. "कोपर आत घे."

आवाज फार मोठा नव्हता, पण सगळ्यांनी ऐकला. करुणा अर्ध्यात थांबली.

"दोन्ही मागं. मी सांगितलं तसं. डोकं म्होरं."

तिने कोपर आत घेतलं, खाली गेली, डोकं टेकवलं आणि वर आली. जोर स्वच्छ होता. आकडा आला नाही.

पस्तीस माणसांनी आधी नवनाथकडे आणि मग वस्तादांकडे पाहिलं. साहेबरावने घसा खाकरला. करुणा दुसऱ्यांदा खाली गेली आणि वर आली. आकडा आला नाही. वस्तादांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नव्हती. ते करुणाकडे बघतच नव्हते. त्यांची नजर भिंतीवर होती, वरच्या खुंट्यांवर. तिथून ती खाली उतरली आणि कट्ट्यावरचे सदरे, घोडीवरचा सदरा, कडीवरचा सदरा, बाळासोच्या काखेतली घडी, असं एकेक बघत फिरली. कुठे घाई नव्हती. मेंढरं वाड्यात घेताना बघावीत तसं ते बघत होते.

नवनाथला वाटलं, आता ते उठून जातील. आणि ते उठून गेले तर आपण या गावात कुठल्या तोंडाने राहायचं, तेही त्याला कळेना. तरी बोललेलं परत घ्यावंसं मात्र त्याला वाटलं नाही.

करुणाचे दंड थरथरायला लागले होते. ती तिसऱ्यांदा खाली गेली, डोकं टेकवून क्षणभर थांबली आणि वर आली.

"तीन," वस्ताद म्हणाले.

मग त्यांनी चार म्हटलं, पाच म्हटलं, आणि अकरापर्यंत सगळे आकडे नेहमीच्या आवाजात म्हटले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाळासोने टाळ्यांसाठी काखेतला सदरा खाली टाकला.

दिवस कलता कलता सगळे आपापल्या वाटेला लागले. करुणा सतरंज्या गुंडाळून बाहेर ओट्यावर ठेवत होती. नवनाथ हारांची सुटी झालेली फुलं गोळा करत होता. वस्तादांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "त्याल आन."

नवनाथने तेलाची बाटली आणली, वाटीत तेल ओतलं आणि नेहमीसारखा त्यांच्या उजव्या बाजूला बसला.

"हिकडं न्हाई. म्होरं बस. पाठ कर माझ्याकडं."

नवनाथला आधी कळलंच नाही. मग तो वळून बसला. वस्तादांनी वाटीत बोटं बुडवली आणि त्याच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. अंगठा हाडाच्या कडेने सरकत गेला आणि एका जागी थांबला.

"हितं?"

"व्हय."

"किती साल झालं?"

"चार."

अंगठा फिरत राहिला. हात म्हातारा झाला होता, पण बोटांना जागा अजून बिनचूक सापडत होत्या.

"मी आठ वर्साचा आसंन," वस्ताद म्हणाले. "बाभळीवर चढलो व्हतो, शेळ्यांना शेंगा पाडाय. फांदी मोडली. आयनं कोपराला चिंधी गुंडाळली, आन् तसंच जुळलं. मग समदी पोरं मला वाकड्या म्हनायची. ह्यो वाकड्या आला, वाकड्या गेला. लगीन झालं तवाबी मांडवात कुनीतरी म्हनलं."

अंगठा पुन्हा हाडाच्या कडेने फिरला.

"तालीम काढली तवा पोरांना त्वांडानं सांगायचो, कोपर आत घ्या. पन पोरं काय ऐकत्यात व्हय? पोरं बघत्यात. मी जसं करीन तसं करत्यात. पयला तूच. तू उलटा झालास आन् कोपर उघडलंस, हुबेहूब. मी सांगनारच व्हतो, आरं आत घे म्हनून."

ते थांबले तसा अंगठाही थांबला.

"पन मला बरं वाटलं, नवन्या. आख्ख्या दुनियेत कुनाला तरी माझ्यावानी कोपर पायजे व्हतं. तिथनं म्होरं मी कवा बोललोच न्हाई."

नवनाथला राग आला. तीस वर्षांत या माणसाचा त्याला कधी राग आला नव्हता, आणि आता आला तो गळ्यापर्यंत आला. साहेबरावचा खांदा, बाळासोचा, महेंद्रचा, स्वतःचा. करुणाची दिवाळीपासूनची टोचणी. ह्याच हातांनी कमरेला धरून त्याला उभं केलं होतं आणि ह्याच माणसाने त्याला मोडू दिलं होतं, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. उठून जावं असं त्याला वाटलं. पण खांद्यावरच्या तेलाची ऊब आत उतरत होती, आणि तो बसून राहिला.

बाहेर करुणाने शेवटची सतरंजी आपटली.

वस्तादांनी हात फडक्याला पुसले. नवनाथ उठला, कट्ट्याकडे गेला आणि डाव्या हाताने सदरा घेतला. वस्ताद त्याच्याकडे बघत होते.

"उंद्या सुताराला बलीव," ते म्हणाले. "खुंट्या खाली घेऊ. हाताला येतील आशा."

नवनाथने सदऱ्यात आधी दुखरा हात घातला, मग दुसरा. बटणं लावायला त्याला वेळ लागला. करुणा आत आली, टाचा उंचावून तिने उजव्या हाताने ओढणी काढली आणि खांद्यावर टाकून दारात उभी राहिली.

"नगं," नवनाथ म्हणाला. "ऱ्हाऊ द्या तिथंच. हिचा हात पोचतोय."